शब्दाची जन्मपत्रिका

इंग्रजीतल्या 'कन्सिडर' या साध्या शब्दाच्या पोटात तारे आहेत, असं सांगणारा मजकूर अधूनमधून फोनवर येऊन पडतो. लॅटिनमध्ये 'कोम' म्हणजे सोबत, 'सीदुस' म्हणजे तारा किंवा तारकापुंज. तेव्हा कन्सिडर करणं म्हणजे ताऱ्यांकडे नजर लावून बसणं. इथवर कुणाचं काही बिघडत नाही, वाचायला गंमतही वाटते. पण मजकूर तिथे थांबत नाही. 'हाच या शब्दाचा खरा अर्थ' असं तो ठणकावतो, आणि मग त्या खऱ्या अर्थाच्या नावाने आजच्या वापराचा उद्धार सुरू होतो. अर्ज 'कन्सिडर' करतो म्हणणाऱ्या साहेबाने कधी मान वर करून आकाश पाहिलं होतं का, वगैरे. उलट बाजूने बोलणारेही ठरलेले. भाषा वाहती असते, लोक बोलतात तो अर्थ, व्युत्पत्ती हा पेन्शनरांचा विरंगुळा. दोन्ही पक्ष तावातावाने भांडतात आणि दोघांच्याही हातून मुद्दा निसटतो.

माझं म्हणणं असं: शब्द कुठून आला यावरून तो आज काय सांगतो हे ठरत नाही, आणि पूर्वीही ठरत नव्हतं. अर्थ वापराने ठरतो. मात्र वापर म्हणजे ज्याच्या हाती सही आहे त्याची मर्जी, असा त्याचा अर्थ होत नाही. वापर दाखवता येतो, तपासता येतो, त्यावर बोट ठेवून समोरच्याला बांधून घेता येतं. 'कन्सिडर' आणि त्याचा आपल्या कार्यालयांतला अवतार 'विचाराधीन' या दोन शब्दांवर माणसांच्या बदल्या, परवाने, थकबाक्या, कधीकधी आख्खं आयुष्य टांगलेलं असतं. म्हणून हा वाद विरंगुळ्याचा नाही, आणि म्हणूनच तो ताऱ्यांवर सोडून चालणार नाही.

आधी ताऱ्यांचंच पाहू, कारण मुळात ती साक्षच डळमळीत आहे. सेक्स्तुस पोम्पेयुस फेस्तुस हा साधारण दुसऱ्या शतकातला मानला जाणारा रोमन कोशकार. त्याच्या कोशातलं बरंचसं आपल्यापर्यंत पोचलं ते आठव्या शतकात पॉल द डीकन याने केलेल्या संक्षेपातून. त्यात 'कोन्सिदेरारे' आणि 'देसिदेरारे' ही दोन्ही क्रियापदं ताऱ्यांशी जोडलेली आहेत. म्हणजे आजच्या इंग्रजीतले 'कन्सिडर' आणि 'डिझायर' सख्ख्या बहिणी. पण तारे पाहायचे ते कशासाठी? कुणी म्हणालं, समुद्रावर दिशा धरण्यासाठी. कुणी म्हणालं, शकुन काढण्यासाठी. लॅटिनचा व्युत्पत्तिकोश करणारे टी. जी. टकर यांनी तर तारेच नाकारले. 'देसिदेरारे'ला ही कथा लागूच पडत नाही, असं म्हणत त्यांनी या शब्दाचं मूळ 'पसरणे' अशा अर्थाच्या धातूत शोधलं, ज्या धातूतून इंग्रजी 'साइड' आला. त्या हिशेबाने कन्सिडर करणं म्हणजे गोष्ट सर्व बाजूंनी न्याहाळणं. जबाबदार कोश म्हणूनच ताऱ्यांच्या नोंदीआधी 'कदाचित' लिहितात. मजकूर पुढे ढकलला जाताना पहिला गळतो तो हा 'कदाचित'.

समजा, तारे खरे आहेत. तरी काय सिद्ध होतं? सिसेरो या रोमन वक्त्याच्या काळातल्या लॅटिनमध्येच 'कोन्सिदेरारे' म्हणजे नीट पाहणं, मनात घोळवणं असा सरळ अर्थ रुळलेला होता. आकाशाचा संबंध केव्हाच सुटला होता. इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमार्गे चौदाव्या शतकात आला तो मनाने तपासून पाहण्याच्या अर्थानेच. म्हणजे इंग्रजीत हा शब्द ताऱ्यांसह एक दिवसही नांदलेला नाही. जो अर्थ इंग्रजी नावाची भाषा उदयाला येण्याआधीच पुसला गेला, तो इंग्रजी शब्दाचा 'खरा' अर्थ कसा? आणि मागेच जायचं तर लॅटिनपाशीच का थांबायचं? त्यामागच्या कल्पित आदिम धातूपर्यंत का नाही जायचं? उत्तर सोपं आहे. आपल्याला आवडणारी गोष्ट जिथे सापडते, तिथे आपण मुक्काम करतो. पत्रिका सोयीप्रमाणे मांडायची म्हटल्यावर ती जुळतेच.

या कुटुंबातल्या इतर मंडळींकडे पाहिलं की गोंधळ आणखी वाढतो. 'कन्सिडरेट' म्हणजे आधी विचार करून वागणारा. पुढे तो दुसऱ्याचा विचार करणारा, समजूतदार झाला. 'कन्सिडरेबल' म्हणजे विचारात घेण्याजोगा; पुढे नुसताच मोठा, बराच. कन्सिडरेबल कर्ज असलेल्या माणसाला ताऱ्यांनी काय दिलासा द्यायचा? 'काँटेम्प्लेट'मध्ये रोमन शकुनज्ञाने आखून घेतलेली पवित्र जागा आहे, 'पाँडर'मध्ये वजन आहे, 'स्पेक्युलेट'मध्ये टेहळणीचा बुरूज आहे; त्या बुरुजावरून उतरून तो शब्द शेअर बाजारात सट्टा खेळायला गेला.

हे सगळं परक्या भाषेत घडतं असं नाही. 'विचार' मुळात 'चर्' या चालण्याच्या धातूतला. मराठीत आपण त्याला आणखी एका वाटेने नेलं आणि 'विचारणे' म्हणजे प्रश्न करणे असं ठरवून टाकलं. हिंदी माणसाला हा अर्थ ऐकून आश्चर्य वाटतं. 'शिक्षा' मूळ संस्कृतात शिकणं-शिकवणं. हिंदीने ते जपलं, आपण तिला तुरुंगात धाडलं. 'संशोधन' आपल्याकडे प्रयोगशाळेत चालतं, हिंदीत संसदेत: संविधानाची दुरुस्ती म्हणजे 'संशोधन'. 'गवेषणा' म्हणजे मुळात हरवलेल्या गाईंचा शोध. बंगालीत आज तो विद्यापीठातल्या संशोधनाचा रोजचा शब्द आहे. पीएचडीचा प्रबंध हातात घेऊन कुणी 'गाय सापडली का?' असं विचारत नाही.

याबाबत आपल्या परंपरेने इतका स्वच्छ विचार करून ठेवला आहे की त्याकडे पाठ फिरवून आपण लॅटिनची रद्दी का चाळतो, हे कोडंच आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मट या काव्यशास्त्रकाराने 'कर्मणि कुशलः' (कामात कुशल) हे उदाहरण घेतलं. 'कुशल' म्हणजे कुश, दर्भ, तोडून आणणारा. धारदार पात्याने हात न कापता दर्भ आणायला नेमकेपणा लागतो, म्हणून तो 'निपुण' झाला. अर्थात निपुण हा लक्षणेने, म्हणजे मूळ अर्थाच्या आधाराने, आलेला दुय्यम अर्थ. चौदाव्या शतकात ओडिशाच्या विश्वनाथाने 'साहित्यदर्पण' या काव्यशास्त्राच्या ग्रंथात याला आक्षेप घेतला. शब्द कसा बनला त्याचं निमित्त वेगळं आणि तो कशासाठी वापरला जातो त्याचं निमित्त वेगळं, असं त्याने बजावलं. एकाला व्युत्पत्तिनिमित्त म्हणतात, दुसऱ्याला प्रवृत्तिनिमित्त. दोन्ही एकच मानली तर काय होईल? 'गो' हा शब्द 'गम्', जाणे, या धातूतून आला. मग 'गाय झोपली आहे' हे साधं वाक्यही लाक्षणिक म्हणावं लागेल, कारण जाणारी जी, ती झोपेल कशी? सहाशे वर्षांपूर्वीची ही झोपलेली गाय आजच्या सगळ्या 'खऱ्या अर्थ'वाल्यांना पुरून उरते. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनीही हेच सूत्ररूपाने सांगितलं आहे: शब्दाच्या अवयवांतून निघणाऱ्या अर्थापेक्षा रूढी बलवान.

आता व्युत्पत्तीच्या बाजूचं जे बळकट आहे ते मान्य करायला हवं. पहिलं म्हणजे, शब्दाचा प्रवास माहीत नसेल तर जुने कागद चुकीचे वाचले जातात. इंग्लंडच्या मध्ययुगीन न्यायालयीन दप्तरात निकालाची नोंद 'कोन्सिदेरातुम एस्त' अशा शब्दांनी होई. आजच्या कानांना ते 'विचार करण्यात आला' असं वाटेल. पण त्या दप्तरात त्याचा अर्थ 'निर्णय झाला', विषय संपला. एकेकाळी न्यायालयाने 'कन्सिडर' केलं की दावा निकालात निघायचा, आणि आज आपल्याकडे न्यायालयाने 'कन्सिडर करा' म्हटलं की अर्जदाराची पायपीट नव्याने सुरू होते! हा विरोधाभास इतिहास ठाऊक असल्याशिवाय दिसतच नाही, आणि व्युत्पत्तीला रिकामटेकडा उद्योग म्हणणारे अशा आनंदाला मुकतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. कायदा वाचताना शब्दाचा जुना अर्थ कित्येकदा महत्त्वाचा ठरतोच. दीडशे वर्षांपूर्वीच्या अधिनियमातला शब्द आजच्या बोलीने कसा वाचायचा? बरोबर. पण इथे दोन गोष्टींची गल्लत होते. कायदा झाला त्या वेळचा वापर शोधणं म्हणजेही वापरच शोधणं. तो उगमाचा शोध नाही. १८७२ चा भारतीय करार अधिनियम घ्या. त्याच्या कलम २ (घ) मध्ये 'कन्सिडरेशन'ची व्याख्या आहे, आणि ती सुरूच होते वचन देणाऱ्याच्या 'डिझायर'पासून. त्याच्या इच्छेवरून दुसऱ्याने काही केलं, करायचं टाळलं किंवा तसं वचन दिलं, की ती कृती म्हणजे कन्सिडरेशन. फेस्तुसच्या त्या दोन तारकाभगिनी एकाच वाक्यात शेजारी शेजारी बसल्या आहेत, आणि वाक्यात ताऱ्यांचा मागमूस नाही. तिथे आहे तो व्यवहार. खरेदीखतावर आपण ज्याला 'मोबदला' म्हणतो तो हाच. कलम २५ प्रमाणे, काही अपवाद सोडले तर, मोबदल्याशिवाय करार टिकत नाही. 'विचार' आणि 'मोबदला' इतके लांब कसे गेले, याचं उत्तर मात्र इतिहास देतो. सोळाव्या शतकातल्या इंग्रजी न्यायालयांत वचनभंगाच्या दाव्यात असं मांडावं लागे की प्रतिवादीने कशाचा विचार करून, कशापोटी ते वचन दिलं. ज्याचा विचार केला ते कारण, आणि कारण म्हणजे बहुधा समोरून मिळालेली वस्तू किंवा पैसा. म्हणून कन्सिडरेशन म्हणजे किंमत. प्रवास कळला, छान वाटलं. पण उद्या सदनिकेचा ताबा अडला आणि बिल्डरच्या वकिलाने 'आम्ही तुमचा ताऱ्यांच्या साक्षीने विचार केला, हेच कन्सिडरेशन' असा युक्तिवाद केला, तर त्याला कुणी खुर्चीही देणार नाही.

उगमाला अर्थाचा मालक मानलं की माणूस कुठवर वाहवत जातो, हे पाहायचं तर जॉन हॉर्न टूककडे पाहावं. हा अठराव्या शतकातला इंग्रज राजकारणी. अमेरिकन वसाहतींच्या लढ्यात लेक्सिंग्टनला मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबीयांसाठी त्याने वर्गणी जमवायची जाहीर खटपट केली, म्हणून १७७७ मध्ये राजद्रोही मजकुराबद्दल तो दोषी ठरला. त्या खटल्यात शब्दयोगी आणि उभयान्वयी अव्ययांच्या अर्थावरून झालेला काथ्याकूट त्याच्या डोक्यात बसला. १७८६ मध्ये त्याने 'डायव्हर्शन्स ऑफ पर्ली' हा ग्रंथ काढला. शब्द मुळापर्यंत सोलला की तत्त्वज्ञानाचे प्रश्न आपोआप सुटतात, हा त्यातला विश्वास. इंग्रजी 'ट्रूथ' म्हणजे कुणीतरी जे मानतो ते, कारण तो शब्द 'मानणे' या अर्थाच्या जुन्या क्रियापदातून आला; तेव्हा शाश्वत सत्य वगैरे काही नसतं. व्युत्पत्तीच्या एका ओळीत सत्याचा निकाल! त्या काळच्या पुष्कळ हुशार लोकांना हे पटलं. माणूस धाडसी होता, यात शंका नाही. १७९४ मध्ये देशद्रोहाच्या आरोपातून तो निर्दोष सुटला. पण ड्युगल्ड स्टुअर्ट या स्कॉटिश तत्त्वज्ञाने त्याच्या पद्धतीतलं भगदाड दाखवलं: शब्द पूर्वी काय होता हे सांगून आज बोलणाऱ्याच्या मनात काय आहे ते कळत नाही. टूकच्या कित्येक व्युत्पत्त्याही पुढे चुकीच्या निघाल्या. बरोबर निघाल्या असत्या तरी युक्तिवाद तेवढाच लंगडा राहिला असता, हे इथे जास्त महत्त्वाचं.

आपल्याकडचे आजचे वाद याहून फार वेगळे नाहीत. 'धर्म' म्हणजे धारण करतो तो, म्हणून अमुक. 'सेक्युलर' लॅटिन 'सेक्युलुम', युग, यातून आला, म्हणून तमुक. दोन्हीकडचे वक्ते धातू सांगून खाली बसतात आणि टाळ्या घेतात. राज्यघटनेने नागरिकाला काय दिलं, सरकारने काय करायचं आणि काय नाही, हा प्रश्न मंचावरच राहून जातो. धातू सांगणं सोपं असतं, त्याला पुरावा मागायची पद्धत नाही.

आता सगळ्यांत अवघड आक्षेप. तो भाषेच्या अभ्यासकांकडून येत नाही, तहसील कचेरीत चार खेटे घातलेल्या माणसाकडून येतो. तो म्हणेल, वापराने अर्थ ठरतो म्हणता ना? मग 'विचाराधीन'चा वापर बघा. विधिमंडळात प्रश्न विचारला की उत्तर येतं, 'बाब शासनाच्या विचाराधीन आहे'. कचेरीत विचारलं की तेच. आम्ही अर्जाच्या तळाशी 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती' असं वर्षानुवर्षं लिहितो, आणि लिहितानाच आम्हाला कळत असतं. स्थळ पाहून गेलेल्यांनी 'विचार करून कळवतो' म्हटलं की मुलीकडचे काय ते समजतात. तेव्हा रूढीने 'विचाराधीन' म्हणजे 'नाही'. तुमच्या सिद्धान्ताने हा अर्थ मान्य करा, नाहीतर सरळ मुळाकडे जा. निदान मुळात काहीतरी उदात्त आहे.

हा आक्षेप मला खरोखर बोचतो. बलवानांचा वापर हाच वापर, असं मानलं तर भाषेत दुबळ्याला उभं राहायला जागा उरत नाही. पण उपाय तारे नाहीत, कारण ताऱ्यांनी आजवर एकाही नस्तीची, म्हणजे फाइलीची, धूळ झटकलेली नाही. टाळाटाळ करणारा 'विचाराधीन' हा शब्द का निवडतो? त्या शब्दाची पत अजून शिल्लक आहे म्हणून. 'आम्ही काही करणार नाही' असं लिहायची सोय असती तर तसंच लिहिलं असतं. खोटं नाणं चालवणाऱ्यालाही खऱ्या नाण्याची किंमत गृहीत धरावी लागते. तेव्हा या शब्दाचा एक दुसरा, बांधील वापर कुठेतरी जिवंत आहे, आणि तो नेमका कुठे आहे हे दाखवता येतं.

तो न्यायालयाच्या निकालांत आहे. बेरियम केमिकल्स विरुद्ध ए. जे. राणा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कायद्यात अधिकाऱ्याला अमुक गोष्ट आवश्यक 'वाटली' तर, अशा अर्थाने 'कन्सिडर' आला असेल, तर त्याने त्या बाबीवर जाणीवपूर्वक आणि काळजीने विचार केला असला पाहिजे. नुसती सही पुरत नाही. २०१२ मध्ये एलआयसी विरुद्ध मसिलामणी या प्रकरणात न्यायालयाने हाच शब्द पुन्हा हातात घेतला, कोशातले अर्थ पाहिले आणि निष्कर्ष काढला की विचार करणं म्हणजे मन प्रत्यक्ष लावणं. कोश पाहिले, पण कशासाठी? शब्द आज काय मागतो ते ठरवण्यासाठी. याच न्यायालयाने शब्दाची दुसरी कडही घासून घेतली. ए.पी.एस.आर.टी.सी. (आंध्र प्रदेशचं राज्य परिवहन महामंडळ) विरुद्ध श्रीनिवास रेड्डी, २००६: 'मागणी मान्य करा' असा आदेश आणि 'मागणीचा विचार करा' असा आदेश, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सी. जेकब प्रकरण, २००८: नोकरी जाऊन जवळपास दोन दशकं उलटल्यावर दिलेल्या निवेदनावर 'विचार करा' असं न्यायाधिकरणाने म्हटलं, एवढ्याने मेलेला दावा जिवंत होत नाही. हे निकाल नेहमी अर्जदाराच्या बाजूने नाहीत, आणि म्हणूनच ते मला विश्वासार्ह वाटतात. त्यांत शब्दाला कडा आहेत. मन लावायचं, संबंधित बाबी पाहायच्या, कारणं द्यायची. मात्र उत्तर 'हो'च आलं पाहिजे असं बंधन नाही. 'कन्सिडर'चा असा अर्थ कुठल्याही धातूत सापडत नाही. तो खटल्याखटल्यातून, युक्तिवाद हरत-जिंकत घडला आहे.

महाराष्ट्रात तर या शब्दाला मुदतही आहे. ज्याला लोक दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात, त्या २००५ च्या बदल्या व विलंब प्रतिबंध अधिनियमाचं कलम १० सांगतं की कुठलीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सामान्यतः कामकाजाच्या सात दिवसांहून अधिक पडून राहता कामा नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची नसेल तर पंचेचाळीस दिवसांत निर्णय, पाठवायची असेल तर तीन महिन्यांत. न्यायप्रविष्ट बाबींसारखे काही अपवाद आहेत. हेतुपुरस्सर विलंब केला तर शिस्तभंगाची कारवाई. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने, अधिसूचित सेवांपुरतं, नकाराचं कारण लेखी देणं बंधनकारक केलं. म्हणजे 'विचाराधीन'ला या राज्यात सुरुवातीची तारीख असते, टेबल असतं, शेवटची तारीख असते. ज्याला वाद घालायचा आहे त्याने हे मागावं: नस्तीचा क्रमांक, ती कुणाकडे आणि कोणत्या तारखेपासून आहे, आणि नकार असेल तर कारण. 'कन्सिडर'मध्ये तारे असोत वा नसोत, या चार गोष्टींपुढे कारकुनाला गोल उत्तर देणं जरा जड जातं.

जरा, एवढंच म्हणतो. कारण कलम १० च्या इंग्रजी मजकुरात एक 'नॉर्मली' बसलेला आहे आणि दिरंगाई करणारा प्रत्येक जण त्याच्याच आडोशाला जाऊन उभा राहतो. सात दिवस 'सामान्यतः', मग आमचं प्रकरण असामान्य. खरी झटापट या शब्दावर व्हायला हवी: असामान्य कोण ठरवणार, कशावरून, आणि त्याची नोंद नस्तीवर कुठे आहे? हा मजकूर वाचून 'नॉर्मल' मुळात लॅटिन 'नोर्मा', सुताराचा गुण्या, असं कळवणारे दोघेतिघे निघतीलच. माहिती बरोबर आहे. पण आठव्या दिवशी नस्ती तिथेच दिसली, तर बोट त्या टेबलावरच्या आवक तारखेवर ठेवायचं आहे.